निन्टेंडो प्लेस्टेशन
सोनी व निन्टेंडो या जपानी कंपन्यांच्या भागीदारीतून तयार झालेल्या, पण बाजारात कधीच न आलेल्या व्हिडिओ गेम कन्सोलचा दुर्मीळ प्रारूप-नमुना. निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलच्या कार्ट्रिजबरोबर सीडीही चालावी, अशी त्याची रचना होती. १९९१ मध्ये निन्टेंडोने फिलिप्सशी करार केल्याने भागीदारी फिसकटली. सोनीने १९९४ मध्ये स्वतंत्र प्लेस्टेशन आणले. अमेरिकेतील एका दिवाळखोर कंपनीच्या सामानाच्या लिलावात मिळालेला एक नमुना २०१५ मध्ये प्रकाशात आला. त्याचा बंद पडलेला सीडी ड्राइव्ह अभियंते बेन हेकेनडॉर्न यांनी २०१७ मध्ये दुरुस्त केला. त्यानंतर हौशी प्रोग्रामरांनी रचलेले खेळ त्यावर सीडीवरून चालवता आले. मार्च २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात त्याला ३,६०,००० डॉलर किंमत मिळाली.