निळीचं पिंप आणि पळालेल्यांच्या जाहिराती

सूत पिंपातून बाहेर आलं तेव्हा पिवळट हिरवं होतं. हवा लागली तसं बघता बघता निळं झालं. मी विज्ञानाचा विद्यार्थी, मला यात नवं काही नव्हतं. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी तिचं क्षपण करायचं, विरघळलेलं रूप धाग्यात मुरू द्यायचं, मग हवेतला ऑक्सिजन तिला पुन्हा निळं करतो. तरी तोंडातून ‘अरे वा’ निघालंच.

हे अमेरिकेतलं विल्यम्सबर्ग. १६९९ ते १७८० व्हर्जिनियाची राजधानी इथं होती, त्यातला बहुतेक काळ ब्रिटिशांची वसाहत म्हणून. १९२६ पासून रॉकफेलर यांच्या पैशातून जुनं शहर पुन्हा उभं केलं गेलं. आज तिथं लोहार, विणकर, छापखान्यातले कारागीर १८व्या शतकातले कपडे घालून जुन्याच पद्धतीनं काम करतात आणि बघायला जत्रेसारखी गर्दी असते.

आता संशोधनाची सवय म्हणा किंवा खोड म्हणा, प्रश्न पडतोच: हे यांना कळलं कुठून? प्रात्यक्षिक म्हणजे पुरावा नव्हे, पुराव्यावरून बांधलेला अंदाज आहे. पुरावा म्हणजे माणूस मेल्यावर केलेल्या त्याच्या मालमत्तेच्या याद्या, दुकानदारांच्या हिशेबाच्या वह्या आणि १७३६ पासून याच गावात छापलं जाणारं ‘व्हर्जिनिया गॅझेट’.

त्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती व्हर्जिनिया विद्यापीठानं ऑनलाइन ठेवल्या आहेत. एकदा वाचाच. पळून गेलेल्या गुलामांना पकडून आणा, बक्षीस देऊ, असा मजकूर. ओळख पटावी म्हणून मालक सगळं लिहितो: अंगावर कोणतं कापड, कोणता रंग, कुठला व्रण, सुतारकाम येतं की लोहारकाम. सामान्य माणूस रोज काय घालत होता, याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते. माणूस पकडण्यासाठी लिहिलेला कागद आज आपल्याला वेशभूषेचं साधन म्हणून उपयोगी पडतो. मला हे वाचताना अवघडल्यासारखं झालं, आणि ते व्हायलाच हवं असं वाटतं.

स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास या गावातली निम्म्याहून अधिक माणसं कृष्णवर्णीय होती आणि त्यातली बहुतेक गुलाम. पण पर्यटकांना त्यांचं जगणं दाखवणारा वेगळा कार्यक्रम १९७९ मध्ये सुरू झाला. तोवर पन्नासेक वर्षं गाव फक्त देखणं दिसत होतं.

या जाहिरातींनाही मर्यादा आहेच. त्यांत पुरुष जास्त, बायका कमी, कारण मुलंबाळं मागे टाकून पळणं बायकांना जास्त अवघड. आणि सूत कातायचं काम तर बहुतेक बायकांचंच. म्हणजे मी ज्या पिंपापाशी उभा होतो, त्या कामातलीच माणसं या साधनात कमी सापडतात. त्यांना शोधायचं तर परत मालमत्तेच्या याद्यांकडे जावं लागतं. तिथं चरखा आणि बाई एकाच यादीत असतात, दोघांपुढे किंमत लिहिलेली.