बोरीबंदरचे बांधकरी

मुंबईत नवा पाहुणा आला, की आपण त्याला हमखास बोरीबंदरला नेतो. तो मान वर करून घुमट न्याहाळतो आणि विचारतो, “कोणी हो बांधले हे?” ‘इंग्रजांनी’ असे सांगून आपण मोकळे होतो. मला मात्र हे उत्तर अपुरे वाटते.

आराखडा इंग्रजाचा, हे खरेच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १८४७ साली इंग्लंडात बाथ येथे जन्मले आणि १८६७ साली, ऐन विशीत, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला इकडे आले. अपोलो बंदराजवळचे खलाशांचे विश्रामगृह हे त्यांचे पहिले नावाजलेले काम. मग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपले स्थानक त्यांच्यावर सोपवले. १८७८ साली सुरू झालेले ते काम दहा वर्षे चालले. खर्च सुमारे १६ लाख रुपये!

त्या घुमटाची मौज ऐका. घुमट बांधायचा तर एरवी खालून लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो. येथे दगडी फासळ्याच खाचांनी एकमेकींत अशा गुंतवल्या, की साच्यावाचून घुमट उभा राहिला.

पण नुसत्या कागदाने इमारत उभी राहत नाही. स्टीव्हन्सना साहाय्यक अभियंते लाभले ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. दगडांतली पाने-फुले, पशुपक्षी यांच्या घडणीत आपल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता.

समोरची महापालिकाही स्टीव्हन्स यांचीच. मंजुरी ११,८८,०८२ रुपयांची. १८९३ साली काम पुरे झाले ते ११,१९,९६९ रुपयांत. मंजुरीतून पैसे उरवणारा बांधकामवाला दिवा घेऊन शोधावा लागेल!

१९०० साली हिवतापाने मुंबईतच त्यांचा अंत झाला. शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले.

पुढे स्थानकावरचा राणीचा पुतळा उतरला. १९९६ साली वास्तूला शिवछत्रपतींचे नाव लाभले, २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. राज्य गेले, घडाई राहिली. म्हणून मला वाटते, स्टीव्हन्स यांचे नाव घ्यावेच. पण त्याच दमात रावसाहेब वैद्यांचे आणि दगडाला पालवी फोडणाऱ्या त्या अनाम हातांचेही स्मरण करावे.