बुकित तिमाहचा इंग्रजीचा मास्तर

बुकित तिमाह म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना काय आठवतं? रविवारची टेकडीची चढण, तिथली माकडं, नाहीतर न परवडणारी घरभाडी! मलय भाषेत या नावाचा अर्थ 'कथलाची टेकडी'. पण मला सांगायचंय ते याच रस्त्यावर, बोटॅनिक गार्डनला लागून असलेल्या एका जुन्या कॉलेजबद्दल आणि तिथे शिकवायला आलेल्या एका परदेशी मास्तरांबद्दल. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनियर, इतिहासाचा पंडित नव्हे. तरी ही गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, कारण ती थोडीफार आपलीही आहे.

हे रॅफल्स कॉलेज १९२८ मध्ये सुरू झालं. १९४९ साली ते इथल्या मेडिकल कॉलेजात विलीन होऊन मलाया विद्यापीठ जन्माला आलं. ली क्वान यू याच रॅफल्स कॉलेजात गणित, अर्थशास्त्र आणि इंग्रजी साहित्य शिकले. १९५९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जिंकला, ते पंतप्रधान झाले. अंतर्गत कारभार आता स्थानिक लोकांच्या हाती होता. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मात्र अजून ब्रिटिशांकडेच.

अशा वेळी, १९६० मध्ये, डी. जे. एनराइट इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून इथे आले. जन्म इंग्लंडमधला, १९२० चा, शिक्षण केंब्रिजचं, स्वतः कवी. आज आपल्याकडे 'ऑनसाइट' हिंडणारे असतात ना, तशीच यांची कारकीर्द: इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया, मग जपान, बर्लिन, बँकॉक आणि आता सिंगापूर. बरोबर बायको आणि मुलगी.

१७ नोव्हेंबर १९६० ला त्यांचं पदग्रहणाचं व्याख्यान झालं. विषय होता रॉबर्ट ग्रेव्हज हा इंग्रज कवी. एरवी कोणाला त्याचं काय पडलं असतं? पण सुरुवातीला एनराइट संस्कृतीबद्दल चार शब्द बोलले. सरकार तेव्हा 'पिवळ्या संस्कृती'विरुद्ध, म्हणजे ज्यूकबॉक्स, अश्लील मासिकं वगैरेंविरुद्ध मोहीम चालवत होतं, आणि मलायाची एक सामायिक संस्कृती घडवू पाहत होतं. एनराइट यांचं म्हणणं असं की संस्कृती वरून आखून घडत नाही, ती लोकांवर सोडावी. बोलण्याच्या ओघात त्यांनी 'सारोंग संस्कृती' असा शब्द वापरला आणि ठिणगी पडली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी, आणि लगेच मंत्र्यांकडून बोलावणं! मिळालेल्या कडक पत्राचा आशय असा, की परक्या पाहुण्याने आमच्या राजकारणात नाक खुपसू नये. 'भिक्षेकरी प्राध्यापक' अशी संभावनाही झाली. राहण्या-काम करण्याचा परवानाच धोक्यात आला. एम्प्लॉयमेंट पासच्या नूतनीकरणाची वाट बघताना पोटात येणारा गोळा ज्यांना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आता यात चूक कोणाची? सरकारची बाजू बघा. दीड वर्षाचं सरकार. चिनी, मलय, भारतीय अशा लोकांना एकत्र बांधायचंय. आणि कालपर्यंत राज्य करणाऱ्या देशातला माणूस येऊन मलय माणसाच्या सारोंगवर बोलतो. लागणारच! उलट बाजूने, साहित्याच्या शिक्षकाने संस्कृतीवर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं?

मला सगळ्यात भावले ते विद्यार्थी. त्यांनी तातडीची सभा घेतली आणि सरकारच्या वागण्याचा निषेध केला. ही पोरं साहेबाची भक्त नव्हती. वसाहतवाद संपावा असं म्हणणारी पिढी होती ती. पण मत पटणं वेगळं आणि मत मांडायचा हक्क मानणं वेगळं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. शेवटी विद्यापीठाने मध्यस्थी केली, एनराइट यांनी खेद व्यक्त केला आणि प्रकरण मिटलं.

हे वाचताना मला पुणं आठवलं. एडविन आर्नल्ड १८५७ च्या सुमारास पुण्याच्या सरकारी कॉलेजात (पुढचं डेक्कन कॉलेज) प्राचार्य म्हणून आले होते. बुद्धचरित्रावरचं 'लाइट ऑफ एशिया' लिहिणारे तेच. त्यांच्या मागे साम्राज्य उभं होतं. पुण्यातला कोण त्यांना परवाना विचारणार? शंभर वर्षांनी बुकित तिमाहला इंग्रजी तीच, पण घरमालक बदलला होता.

आणि गंमत बघा, त्याच १९६० साली आपले कवी दिलीप चित्रे इथिओपियाला शाळेत शिकवायला गेले, तेही इंग्रजीच! तीन वर्षं तिथे राहिले. म्हणजे साहेबाची भाषा घेऊन आता मराठी माणूस तिसऱ्याच देशात मास्तर झाला होता. पुढे याच चित्रेंनी तुकोबांना इंग्रजीत नेलं.

एनराइट मात्र रागावून निघून गेले नाहीत. १९७० पर्यंत, चांगली दहा वर्षं, ते इथेच शिकवत राहिले. दरम्यान १९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं. १९६९ साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. नाव काय ठेवलं? 'मेम्वार्स ऑफ अ मेंडिकंट प्रोफेसर'. शिवी म्हणून मिळालेला शब्द त्यांनी बिरुदासारखा मिरवला! ३१ डिसेंबर २००२ रोजी ते गेले. त्या कॉलेजच्या जुन्या इमारतींना २००९ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

आपणही इथे पाहुणेच. लिफ्टमध्ये, ऑफिसात, मंडळाच्या कार्यक्रमात आपण या देशाबद्दल काय बोलतो, किती बोलतो? काही जण 'आपल्याला काय करायचंय' म्हणून गप्प बसतात, काही जण दोन वर्षांत सगळं कळल्यासारखी शेरेबाजी करतात. मला वाटतं, बोलायचा हक्क पासवर छापलेला नसतो. तो इथल्या माणसांत राहून, त्यांच्या मुलांना काहीतरी देऊन हळूहळू मिळतो. एनराइट यांना नोव्हेंबर १९६० मध्ये तो नव्हता असं म्हणता येईल. १९७० मध्ये नव्हता, असं मात्र मी म्हणणार नाही.