वाहन संदेशवहन, बिनतारी

रस्त्यावरून धावणारी वाहने आपले स्थान, वेग, दिशा इ. माहिती रेडिओ तरंगांच्या साहाय्याने परस्परांना आणि रस्त्याकडेच्या यंत्रणेला आपोआप कळवितात, अशा व्यवस्थेस ही संज्ञा लावतात. चालकाला जे दिसत नाही, म्हणजे वळणापलीकडून येणारी मोटार, पुढच्या मालमोटारीच्या आड अचानक थांबलेले वाहन, आडरस्त्याने चौकात शिरणारी बस, त्याची सूचना त्याला वेळीच मिळावी, हा तिचा मुख्य हेतू. भारतात पथकराच्या वसुलीसाठी वापरला जाणारा फास्टॅग हाही वाहन आणि रस्ता यांमधील अल्प पल्ल्याचा रेडिओ संपर्कच होय. परंतु तो केवळ ओळख पटविणारा असून त्यातील पट्टी स्वतः काही प्रक्षेपित करीत नाही. प्रस्तुत नोंदीत सुरक्षिततेसाठी होणाऱ्या दुहेरी संदेशवहनाचा, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) धोरणाचा व उभारणीच्या नियोजनाचा इतिहास दिला आहे. या विषयातील जवळजवळ सर्व प्रश्न तेथे प्रथम व ठळकपणे उपस्थित झाले.

कार्यपद्धती : प्रत्येक वाहनात एक प्रेषक-ग्राही, आकाशक, उपग्रहांवरून स्थान ठरविणारे साधन व लहान संगणक असतो. ‘मूलभूत सुरक्षा संदेश’ या नावाने ओळखला जाणारा छोटा संदेश वाहन सेकंदाला १० वेळा प्रक्षेपित करते. त्यात स्थान, वेग, दिशा, प्रवेग, गतिरोधकाची स्थिती आणि वाहनाचे आकारमान यांचा समावेश असतो. पल्ला सु. ३०० मी. असतो. ताशी १०० किमी. वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सु. २८ मी. अंतर तोडते, म्हणजे दोन संदेशांच्या दरम्यान ती तीन मीटरांहूनही कमी सरकलेली असते. ग्राही वाहनातील संगणक दोन्ही वाहनांचे पुढील मार्ग ताडून पाहतो व टक्कर संभवत असल्यास चालकाला इशारा देतो. रडार व कॅमेरा यांना समोर मोकळी दृष्टिरेषा लागते. या व्यवस्थेला तितकी लागत नाही, हाच तिचा विशेष.

चौकातील संकेत दिव्यांजवळ बसविलेले उपकरण दिव्याची सद्यस्थिती, तो बदलण्यास उरलेला काळ व चौकाचा नकाशा प्रक्षेपित करते. खोटे संदेश पाठवून कोणी घबराट माजवू नये म्हणून प्रत्येक संदेशावर अंकीय स्वाक्षरी असते. त्याचबरोबर वाहनाचा माग काढणे कोणालाही शक्य होऊ नये म्हणून स्वाक्षरीमागील प्रमाणपत्रे थोड्याथोड्या काळाने बदलली जातात. ही प्रमाणपत्रे देणारी व सदोष उपकरणांची प्रमाणपत्रे रद्द करणारी देशव्यापी यंत्रणा कोणी चालवावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तांत्रिक अडचणींपेक्षा अधिक चिवट ठरला.

या साधनाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या इतिहासाचा उलगडा होत नाही. आसनपट्टा ज्याने लावला त्याला त्याचा लाभ मिळतो. येथे मात्र दोन्ही वाहनांत उपकरण असेल तरच कोणाला तरी लाभ होतो. एकूण वाहनांपैकी १०% वाहनांत उपकरणे असतील, तर यदृच्छया समोरासमोर येणाऱ्या दोन्ही वाहनांत ती असण्याची शक्यता १% एवढीच असते. ३०% वाहनांत असल्यास ती ९% आणि निम्म्या वाहनांत असल्यास २५% होते. पहिल्या ग्राहकाला जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून तो पैसे देत नाही आणि त्यामुळे दुसरा ग्राहकही येत नाही. रस्त्याकडेच्या यंत्रणेचेही तसेच : मोटारी नाहीत म्हणून नगरपालिका उपकरणे बसवीत नाहीत आणि चौकात उपकरणे नाहीत म्हणून कारखानदार ती मोटारींत घालीत नाहीत.

पूर्वेतिहास : रस्ता व मोटार यांच्यात संवाद घडविण्याची कल्पना जुनी आहे. १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात अ. सं. सं.मध्ये चौकाच्या पृष्ठभागाखाली तारांची वेटोळी बसवून चालकाला मार्ग दाखविणारी प्रायोगिक व्यवस्था आखण्यात आली. परंतु रस्त्यांवरील खर्चाचा आकडा पुढे येताच ती सोडून देण्यात आली. जपानमध्ये १९७३–७९ या काळात अशाच स्वरूपाचा प्रयोग झाला.

१९९१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या भूपृष्ठ वाहतूक अधिनियमाने ‘बुद्धिमान वाहन व महामार्ग’ कार्यक्रमाला कायद्याचा आधार मिळाला. स्वयंचलित महामार्गाचा नमुना १९९७ पर्यंत तयार करण्याचे बंधनही त्यात होते. त्यानुसार ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय धावणाऱ्या मोटारींचे प्रात्यक्षिक झाले. ते यशस्वी झाले; पण सामान्य रस्त्यांवर त्याचा उपयोग कसा करावा, याचे उत्तर त्यातून मिळाले नाही आणि लक्ष स्वयंचलनाकडून संदेशवहनाकडे वळले.

कंप्रता पट्ट्याची राखण : त्याच वर्षी या क्षेत्रातील संस्थांच्या संघटनेने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाकडे स्वतंत्र कंप्रता पट्ट्याची मागणी केली. १९९८ च्या वाहतूक अधिनियमाने आयोगाला या गरजेचा विचार करण्यास सांगितले आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये ५·८५० ते ५·९२५ गिगॅहर्ट्‌झ हा ७५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा वाहन संदेशवहनासाठी राखून ठेवण्यात आला. डिसेंबर २००३ मध्ये वापराचे नियम ठरले. पट्ट्याचे प्रत्येकी १० मेगॅहर्ट्‌झचे सात मार्ग करण्यात आले. वाय-फायच्या मानकात बदल करून सिद्ध केलेले तंत्रही त्याच वेळी निश्चित करण्यात आले. या तंत्राला डीएसआरसी (अल्प पल्ल्याचे समर्पित संदेशवहन) म्हणतात. त्याचे परिपूर्ण मानक ८०२·११पी २०१० मध्ये मंजूर झाले. म्हणजे जागा मिळाल्यावर ती वापरण्याचे साधन पक्के होण्यास अकरा वर्षे लागली. या विलंबाची किंमत पुढे मोजावी लागली.

या काळात परिवहन खात्याने वाहने व रस्ते यांची सांगड घालणारा कार्यक्रम हाती घेतला आणि २००८ मध्ये मिशिगन राज्यात डिट्रॉइटजवळ त्याची चाचणी घेतली. देशभर रस्त्याकडेला उपकरणांचे जाळे उभारावे आणि त्याच सुमारास कारखानदारांनी मोटारी सज्ज कराव्यात, अशी मूळ कल्पना होती. मात्र तेथील संकेत दिव्यांचे चौक तीन लाखांहून अधिक असून त्यांची मालकी राज्ये, काउंटी व शहरे यांच्यात विभागलेली आहे. संघशासनाला ते हुकमाने सज्ज करता येत नाहीत. शिवाय चौकात उपकरण बसविणे म्हणजे केवळ खांबावर एक पेटी टांगणे नव्हे. तिला वीज, मध्यवर्ती कार्यालयाशी जोडणारी वाहिनी, संदेश देऊ शकेल असा नवा संकेत-नियंत्रक, सूक्ष्म नकाशा आणि हे सर्व चालू ठेवणारा तंत्रज्ञ लागतो. लहान नगरपालिकांकडे शेवटचा घटक बहुधा नसतोच. त्यामुळे भर रस्त्यांकडून वाहनांकडे सरकला.

अनिवार्यतेचा प्रस्ताव : ऑगस्ट २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ॲन आर्बर शहरात सु. २,८०० मोटारी, मालमोटारी व बसगाड्या सज्ज करून नित्याच्या रहदारीत या व्यवस्थेची परीक्षा घेतली. इतक्या मोठ्या प्रमाणावरील ही पहिलीच चाचणी होय. तिच्या आधारे महामार्ग सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २०१४ मध्ये नव्या मोटारींत हे साधन आणण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार चौकातील आडवी टक्कर आणि डावीकडे वळताना होणारी टक्कर टाळणाऱ्या दोनच उपयोगांमुळे वर्षाला कमाल ५,९२,००० अपघात टळू शकतील व १,०८३ प्राण वाचू शकतील. (तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्याने डावे वळण समोरील रहदारी छेदून घ्यावे लागते.) २०२० मध्ये प्रत्येक वाहनामागे ३४१ ते ३५० डॉलर खर्च येईल, असा प्राथमिक अंदाज होता. हे आकडे सर्व वाहने सज्ज झाल्यानंतरचे होते. नव्या मोटारींवर सक्ती केली, तरी जुन्या मोडीत निघून ताफा पालटण्यास दशकाहून बराच अधिक काळ लागतो, ही गोष्ट लोकांपुढील चर्चेत फारशी आली नाही.

प्रत्यक्ष नियमाचा प्रस्ताव डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे शासन बदलण्याच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध झाला. पुढे त्यावर निर्णय झाला नाही आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रीतसर मागे घेण्यात आला. सक्ती नसताना कारखानदारांनी केलेले प्रयत्न तुटपुंजे होते. जनरल मोटर्सने २०१७ च्या कॅडिलॅक सीटीएस या एका प्रकारात डीएसआरसी दिले. टोयोटाने २०२१ पासून ते अमेरिकेत देण्याचे एप्रिल २०१८ मध्ये घोषित केले आणि वर्षभरातच तो बेत थांबविला.

यशाची उदाहरणे आढळतात ती वाहन व चौक या दोहोंवर सार्वजनिक संस्थांचाच ताबा असलेल्या ठिकाणी. यूटा राज्याच्या परिवहन खात्याने २०१७ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील रेडवूड रोडवर बसगाड्या व चौक यांना डीएसआरसीने जोडले. वेळापत्रकात मागे पडलेली बस चौकाकडे हिरवा दिवा लांबविण्याची विनंती पाठविते. येथे इतर मोटारींत उपकरण असण्याची गरजच नव्हती, त्यामुळे लाभ पहिल्या दिवसापासून मिळाला. हाच मार्ग आरंभी सर्वत्र अवलंबिला गेला असता, तर पुढील वादात वाहन संदेशवहनाची बाजू बळकट झाली असती. परिवहन खात्याने २०१५ मध्ये निवडलेल्या तीन प्रायोगिक स्थळांपैकी वायोमिंगमधील आय-८० हा महामार्ग विशेष उल्लेखनीय आहे. वारा व हिमवादळे यांमुळे तेथे मालमोटारींचे साखळी अपघात होतात आणि पुढील धोक्याची सूचना तेथे थेट उपयोगी पडते. उरलेल्या दोन स्थळांपैकी न्यूयॉर्क येथे उंच इमारतींमुळे उपग्रहीय स्थाननिश्चिती बिघडते, ही अडचण ठळकपणे पुढे आली. दुसरे स्थळ टॅम्पा हे होते.

पट्ट्याची विभागणी : दरम्यान प्रतिस्पर्धी तंत्र उदयास आले. २०१७ मध्ये भ्रमणध्वनीच्या मानकांत वाहनांच्या थेट परस्परसंपर्काची पद्धती समाविष्ट झाली. तिला सी-व्ही२एक्स म्हणतात. तिला मनोऱ्याची आवश्यकता नसते. जानेवारी २०१९ मध्ये फोर्ड कंपनीने तिचा स्वीकार जाहीर केला. दोन्ही तंत्रे एकाच पट्ट्यासाठी असली, तरी एकाचे संदेश दुसऱ्याला कळत नाहीत. ज्या व्यवस्थेचा लाभ सर्वांनी एक भाषा बोलण्यावर अवलंबून, तिच्यात दोन भाषा निर्माण झाल्या.

घरगुती वाय-फायची मागणी याच काळात झपाट्याने वाढत होती. या पट्ट्यालगतचा खालचा पट्टा वाय-फायकडे असल्याने त्याला ४५ मेगॅहर्ट्‌झ जोडल्यास १६० मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा एकसंध मार्ग मिळतो. वीस वर्षे राखूनही पट्टा फारसा वापरला गेला नाही, असे नमूद करून अजित पै यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये खालचा ४५ मेगॅहर्ट्‌झचा भाग परवानामुक्त वापरासाठी खुला केला. वाहनांसाठी ५·८९५ ते ५·९२५ गिगॅहर्ट्‌झ एवढाच, ३० मेगॅहर्ट्‌झचा भाग उरला व तोही सी-व्ही२एक्सला देण्यात आला. संघशासनाचे परिवहन खाते या योजनेच्या विरोधात होते. शासनाच्याच दोन अंगांनी एकाच प्रश्नावर परस्परविरुद्ध भूमिका घेतल्याचे हे दृश्य होते. राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना व बुद्धिमान वाहतूक संघटना न्यायालयात गेल्या. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. आयोगाने दाखविलेली वस्तुस्थिती खोटी नव्हती. तथापि पट्टा रिकामा राहण्यास कारण झालेली अनिश्चितता काही अंशी नियामकांनीच निर्माण केली होती : त्यात इतरांना वाटा देण्याचा विचार २०१३ पासूनच चालू होता आणि ज्या जागेचा भरवसा नाही तिच्यात भांडवल घालण्यास कोणी धजत नाही.

जुलै २०२२ पर्यंत डीएसआरसी उपकरणांना खालचा भाग सोडावा लागला. सार्वजनिक पैशातून बसविलेली कित्येक उपकरणे त्यामुळे बदलावी किंवा बंद करावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने सी-व्ही२एक्सचे अंतिम नियम मंजूर केले आणि डीएसआरसीचा वापर सु. दोन वर्षांत थांबविण्याची मुदत घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परिवहन खात्याने उभारणीची राष्ट्रीय योजना प्रसिद्ध केली. राष्ट्रीय महामार्ग जाळ्याचा २०% भाग २०२८ पर्यंत, निम्मा २०३१ पर्यंत आणि संपूर्ण जाळे २०३६ पर्यंत सज्ज करावे, अशी तिची उद्दिष्टे होती. ॲरिझोना, टेक्सस व यूटा येथील प्रकल्पांना सु. ६ कोटी डॉलरांचे अनुदानही त्या वर्षी जाहीर झाले. मोटार कारखानदारांवर मात्र योजनेने कोणतेही बंधन घातले नाही.

इतर देश : यूरोपीय संघाने ऑगस्ट २००८ मध्ये ५·८७५ ते ५·९०५ गिगॅहर्ट्‌झ हा पट्टा राखला. वाय-फायवर आधारित तंत्राला अग्रक्रम देणारा यूरोपीय आयोगाचा नियम यूरोपीय संसदेत टिकला, पण जुलै २०१९ मध्ये सदस्य राष्ट्रांच्या परिषदेने तो फेटाळला. त्यानंतरही फोक्सवॅगनने आपल्या गोल्फ मोटारीच्या आठव्या पिढीत तेच तंत्र दिले. चीनने २०१८ मध्ये ५·९०५ ते ५·९२५ गिगॅहर्ट्‌झ हा भाग भ्रमणध्वनीवर आधारलेल्या तंत्राला दिला. तेथे सुरुवातीपासून एकच तंत्र असल्याने अमेरिकेतील द्वंद्व उद्‌भवले नाही. जपानने ७६० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासची कंप्रता निवडली. या कंप्रतेचे तरंग इमारतींच्या कोपऱ्यांना वळसा घालून अधिक चांगले पोहोचतात. टोयोटाने २०१५ पासून तेथील काही मोटारींत त्यावर चालणारी सोय विक्रीस ठेवली.