खडूच्या दोन रेघा

आमच्या गावात पहिलं इंजिन आलं ते दादांच्या भातगिरणीचं, आणि दुसरं आलं ते जीपचं. 1971 साली एका सरकारी खात्याच्या लिलावात आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ती घेतली. अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा मुलूख म्हणजे धो-धो पावसाचा. चार महिने बैलगाडीसुद्धा चिखलात रुतायची. राजूरचा बाजार असो की दवाखाना, सगळं पायी आणि खांद्यावर. त्यामुळे जीप आमच्या दारात उभी असली, तरी ती गावाचीच होती. बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, की लोक रात्री-अपरात्री ड्रायव्हर तात्यांचं दार वाजवायचे.

जीप ही मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. लढाई संपत आली, तेव्हा विलीजनं तीच गाडी थोडी बदलून शेतकऱ्यासाठी आणली. आपल्याकडं 1945 साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ जाऊन तिथं दुसरा ‘महिंद्र’ आला. याच कंपनीनं 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. आमची जीप या शेतकरी वाणाची. पण लढाईतल्या गाड्यांचे सुटे भागही जुन्या बाजारात कितीतरी वर्षं मिळत होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत. आमची गोष्ट या सारखेपणातूनच घडली.

1972 च्या हिवाळ्यात जीपच्या मागच्या ॲक्सलमधले दात तुटले. नवा भाग महाग पडत होता. दादांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून मागचा आख्खा ॲक्सल स्वस्तात आणवला. तो बेतशीर बसला. गाडी चालू झाली. पैसे वाचले म्हणून दादा खूश होते.

आठ-पंधरा दिवसांनी तात्या म्हणाले, “मालक, गाडी चढाला पहिल्यासारखी वढत नाय. सपाटीला मातर पळतीय.”

“इंजन म्हातारं झालंय,” दादा म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

पावसाळा लागला तशी तात्यांनी जीप ‘फ्रंटवर’ टाकायला सुरुवात केली. म्हणजे चारही चाकांना जोर. चिखलात गाडी उत्तम चाले. पण खिंडीच्या अलीकडं दगडी सोलिंग लागलं की टायर कुरकुरायचे, गाडी आखडायची आणि फ्रंटचा दांडा जागचा हलायचा नाही. चार हात मागं घेतली की दांडा खट्‌दिशी सुटायचा. दोन मिस्त्र्यांना दाखवलं. एकानं क्लच उघडला, दुसऱ्यानं ब्रेक. दोघंही म्हणाले, “कडक रस्त्यावर फ्रंट लावली की असंच होतं. ड्रायव्हरला समज द्या.” त्यात अर्धं खरं होतं. असल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना कमीजास्त फिरायची मुभा नसते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना ती थोडी आखडतेच. पण आमची सरळ जातानाही आखडत होती. तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

1973 च्या जुलैत एका रात्री वरच्या वाडीतली बाई अडली. तात्यांनी तिला आणि तिच्या सासूला घेतलं. चिखल पार केला, सोलिंगवर आले. चढ मोठा म्हणून लो गिअरमध्येच होते, आणि त्या गाडीत लो लावायचा तर फ्रंट लावावीच लागते. अर्ध्या चढावर बंदुकीसारखा आवाज झाला. पुढच्या शाफ्टचा क्रॉस फुटला आणि त्याच्या फटक्यानं ट्रान्सफर केसही तडकली. गाडी जागच्या जागी बसली. तिथून माणसांनी बाईला डोली करून राजूरला नेलं. बाई वाचली. मूल गेलं.

गावाला कुणावर तरी बोट ठेवायचं होतं, आणि स्टिअरिंगवर एकच माणूस होता. “हात जड आहे,” “पिऊन होता,” असं काहीबाही लोक बोलू लागले. तात्या माळकरी, दारूला कधी शिवले नव्हते. दादांनी त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. तात्या ओट्यावरून उतरून गेले, ते मागं वळलेसुद्धा नाहीत.

महिन्याभरानं संगमनेरचा एक म्हातारा मिस्त्री आला. सगळे त्याला चाचा म्हणत. लढाईच्या काळात त्यानं लष्कराच्या वर्कशॉपात काम केलं होतं. त्यानं फुटलेले भाग बदलले, पण पाना खाली ठेवायच्या आधी विचारलं, “कुठं आखडती, कुठं नाही? अन् आखडायच्या आधी हिच्यात काय बदललं होतं?” दादांना नीट सांगता येईना. चाचा म्हणाला, “मग जो चालवत होता त्याला बोलवा.”

तात्या आले. चढाचं आणि सपाटीचं तेच पुन्हा सांगितलं. चाचानं मान हलवली आणि मला शाळेतून खडू आणायला पाठवलं.

जीप खळ्यावर आणली, गिअर न्यूट्रलला. चाचानं चाकांवर आणि दोन्ही शाफ्टांवर खडूच्या रेघा मारल्या. माणसं हळूहळू गाडी ढकलू लागली. मी वाकून पुढच्या शाफ्टची रेघ मोजत होतो, थोरला भाऊ मागच्या. चाकाचे दहा फेरे पुरे झाले तसा चाचा “बस” म्हणाला.

माझे फेरे भरले पावणेचोपन्न. भावाचे पावणेएकोणपन्नास.

“पोरं चुकली असतील,” दादा म्हणाले. पुन्हा ढकलली. आकडे तेच. मग चाचानं मागचा ॲक्सल उघडला आणि दात मोजले: मोठ्या चक्राला 39, लहानाला 8. पुढच्यात होते 43 आणि 8. मागचा लढाईच्या जीपचा होता, पुढचा शेतकरी जीपचा. शेतीला वेग कमी चालतो पण ओढ जास्त लागते, म्हणून विलीजनं दात बदलले होते. फ्रंट लावली की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरणार. मागची चाकं जास्त धावायला बघणार, पुढची मागं रेटणार. चिखलात चाकं घसरून तो हिशेब भागवत. दगडावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ शाफ्टात साठायचा.

“एका जुवाला एक खोंड अन् एक म्हातारा बैल,” चाचा म्हणाला. “गाडीवानाला मारून काय होणार?”

त्या संध्याकाळी दादा मला घेऊन तात्यांच्या घरी गेले. किल्ली त्यांच्यासमोर ठेवून म्हणाले, “तात्या, ते मूल तुमच्या हातनं गेलं नाही. माझ्या काटकसरीनं गेलं. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही.”

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आधी मागलं चक्र बदला, मालक. पाऊस अजून सरला नाय.”

तिथून दादा वरच्या वाडीला गेले आणि त्या घरीही हेच सांगितलं. त्या लोकांनी चहा दिला, पण बोललं कुणी नाही.

मागच्या ॲक्सलमध्ये 43 दातांची जोडी बसली. त्यानंतर जीप अकरा वर्षं त्या खिंडीतून गेली, आणि ती चालवायला तात्याच होते. दादा मात्र पुढं कुणाचीही तक्रार आली, की आधी विचारायचे, “मोजलंय का?”