मांडीवरचे वाद्य

दानिएलच्या ग्रंथातील तिसरा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेला असेल. नबुखद्नेस्सर राजाने सोन्याचा पुतळा उभारला आणि वाद्यांचा गजर होताच सर्वांनी त्यापुढे लोटांगण घालावे, अशी आज्ञा केली. शद्रख, मेशख व अबेद्नगो या तिघांनी ती मानली नाही. त्या प्रसंगी वाजणाऱ्या वाद्यांची यादीच तेथे दिलेली आहे. इ.स. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये या यादीतील अखेरच्या वाद्याला ‘डल्सिमर’ असे नाव दिले आहे. मूळ अरामी शब्दाचा तो अर्थ नव्हे, असे आजचे अभ्यासक मानतात आणि नव्या भाषांतरांतून ते नाव गळून पडले आहे. तथापि अमेरिकेच्या डोंगराळ भागात एका साध्यासुध्या घरगुती वाद्याला हेच नाव चिकटले आणि ते आजही टिकून आहे. सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘दुल्चिस’ म्हणजे ‘गोड’ हा शब्द आम्ही पहिल्याच वर्षी घोकला होता. तो आणि ‘गीत’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘मेलोस’ यांच्यापासून हे नाव बनले, असे म्हणतात.

आरंभीच एक खुलासा करणे अगत्याचे आहे. डल्सिमर या नावाची दोन वेगळी वाद्ये आहेत. पहिल्यात लाकडी पेटीवर अनेक तारा ताणलेल्या असतात व त्यांवर छोट्या काड्यांनी आघात करून नाद काढतात. आपले काश्मिरी संतूर याच कुळातले. पंडित शिवकुमार शर्मा यांनी त्याला रागसंगीताच्या मंचावर प्रतिष्ठा मिळवून दिली. २०२२ साली मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठी रसिकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. दुसरे वाद्य मात्र आपल्याकडे अपरिचित आहे. ते मांडीवर आडवे ठेवून वाजवतात. या लेखात त्या दुसऱ्या वाद्याची आणि ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे गेले, याची हकिकत सांगायची आहे.

तीन तारांची करामत

अमेरिकेच्या पूर्व भागात उत्तर-दक्षिण पसरलेली अ‍ॅपलेशियन पर्वतांची रांग आहे. अठराव्या शतकात इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथून आलेले गरीब शेतकरी तिच्या खोऱ्यांत वस्ती करून राहिले. त्यांच्याजवळ मायदेशाची गाणी होती. पेनसिल्व्हानियात स्थायिक झालेल्या जर्मन लोकांजवळ ‘शाइटहोल्ट’ नावाचे एक लांबट तंतुवाद्य होते. हे लोक व्हर्जिनियाच्या खोऱ्यांतून दक्षिणेकडे सरकले, तसे त्यांचे वाद्यही सरकले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातूनच डोंगरी डल्सिमर आकाराला आले. म्हणजे गाणी एका समाजाची आणि वाद्य दुसऱ्याचे. ज्याला आज ‘शुद्ध’ परंपरा म्हणून गौरवतात, तिचा जन्मच मुळी शेजारधर्मातून झाला.

सुमारे तीन फूट लांबीची निमुळती लाकडी पेटी, मध्यावर उंचवटा, त्यावर धातूचे पडदे आणि वरून गेलेल्या तीन वा चार तारा, एवढाच या वाद्याचा पसारा. नाद बाहेर पडण्यासाठी पेटीला भोके पाडलेली असतात आणि ती पुष्कळदा हृदयाच्या आकाराची असतात. वादक डाव्या हातातील लाकडाची छोटी कांडी कडेच्या तारेवर सरकवतो. उजव्या हातात हंसाच्या पिसाचा देठ धरून तो साऱ्या तारा एकदम छेडतो. गाण्याची चाल एकाच तारेवर उमटते. उरलेल्या तारा षड्ज-पंचमाचा अखंड झंकार देत राहतात. आपल्या तंबोऱ्याची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

पडदे मात्र सातच स्वरांचे असतात, मधले स्वर त्यात नाहीत. मग निरनिराळ्या चाली कशा वाजवायच्या? त्यावर डोंगरी माणसांनी शोधलेला उपाय आपल्या मूर्च्छनेच्या तत्त्वाशी जुळणारा आहे. चालीची तार कमीअधिक चढवायची म्हणजे षड्जाची जागा वेगळ्या पडद्यावर जाते. पडदे तेच राहतात, पण कधी आपल्या बिलावलासारखे स्वर मिळतात, तर कधी खमाज, काफी वा आसावरीसारखे. ज्यांनी संगीतशास्त्राचे पानही उलटले नव्हते, त्यांना हे ज्ञान कानाने व बोटांनी झाले होते. आईने स्वयंपाकघरात आणि बापाने ओसरीवर ते मुलांना दिले होते.

बापाची बंदी

केंटकी राज्यातील पेरी परगण्यात व्हायपर नावाचे खेडे आहे. ८ डिसेंबर १९२२ रोजी तेथील रिची कुटुंबात चौदावे अपत्य जन्माला आले. ही धाकटी मुलगी म्हणजे जीन. वडील बॅलिस रिची यांना गाण्यांचे वेड होते. त्यांनी जुन्या गीतांचे एक छोटे पुस्तकही छापले होते. हे कुटुंब ज्या बाप्टिस्ट पंथाचे होते, त्याच्या उपासनेत वाद्यांना मज्जाव असे. पुढारी गीताची एक ओळ सांगे आणि मंडळी ती लांबवून आळवीत. त्यामुळे वाद्याची जागा घरातच होती.

बॅलिस यांच्याजवळ एक डल्सिमर होते आणि त्याला मुलांनी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. नाजूक वस्तू आणि घरात इतकी मुले! बापाची काळजी आपल्याला समजू शकते. परंतु चार-पाच वर्षांची जीन घरात कोणी नाही असे पाहून ते वाद्य हळूच काढी आणि एक साधी चाल तिच्या इवल्या बोटांनी शोधून काढी. पुढे वडिलांनी तिला शिकवायला घेतले, तेव्हा ती इतक्या लवकर वाजवू लागली की, ही जन्मजात वादक आहे, असे त्यांना वाटले. चोरून केलेल्या सरावाचे गुपित तिने त्या वेळी फोडले नाही. जीनबाई मोठेपणी ही गोष्ट हसत सांगत.

गोष्ट गमतीची खरी, पण तिच्यात एक सत्य दडलेले आहे. बापाने वाद्य जपले ते कुलूपबंद करून आणि मुलीने जपले ते हाताळून. दोघांचेही प्रेम खरेच होते. तथापि वाद्य पुढे टिकले ते मुलीमुळे.

सुताराच्या हातून

या सुमारास डल्सिमरचे दिवस भरत आले होते. १९१२ साली पेरी परगण्यात रेल्वे आली, मागोमाग कोळशाच्या खाणी आल्या, दुकानातून गिटार आले, पुढे रेडिओही आला. अशा वेळी वाद्याला आधार मिळाला तो एका शाळेचा. शेजारच्या नॉट परगण्यात हिंडमन येथे ट्रबलसम नावाच्या ओढ्याकाठी मे स्टोन आणि कॅथरीन पेटिट या दोन स्त्रियांनी १९०२ साली शाळा काढली होती. डोंगरातील मुलांना अक्षरओळख, आरोग्य व हस्तव्यवसाय शिकवावा, हा त्यांचा हेतू होता. त्याच परगण्यात जेम्स एडवर्ड थॉमस हा कारागीर राहत असे. त्याने १८७१ पासून आयुष्यभरात सुमारे दीड हजार डल्सिमर बनवले, असे सांगतात. शाळेच्या बाईंनी त्याची वाद्ये विकत घेतली, बाहेरच्या पाहुण्यांना दाखवली. त्याच्याकडून ही विद्या जेथ्रो अँबर्गी यांनी उचलली आणि ते हिंडमनच्या शाळेत सुतारकामाचे शिक्षक झाले. थॉमस १९३३ साली वारला, पण त्याच्या वाद्याचा आकार शिष्याच्या हातून पुढे चालू राहिला.

इंग्लंडचे लोकगीत-संशोधक सेसिल शार्प यांनी १९१६ ते १९१८ या काळात आपल्या सहकारी मॉड कार्पेलिस यांच्यासह हे डोंगर पालथे घातले आणि दीड हजारांहून अधिक चाली लिहून घेतल्या. १९१७ साली हिंडमन येथे त्यांना गाणी सांगणाऱ्यांत जीनच्या थोरल्या बहिणी मे व ऊना यादेखील होत्या.

या शाळांच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अलीकडच्या इतिहासकारांनी त्यांच्यावर टीका केली आहे. बाहेरून आलेल्या या सुशिक्षित स्त्रियांनी डोंगरी संस्कृतीतील आपल्याला रुचेल तेवढेच निवडले. डल्सिमर त्यांना सोज्ज्वळ वाटले, म्हणून त्याचा सन्मान झाला. बँजो मात्र नाचगाण्याचे व मद्याच्या बैठकीचे वाद्य म्हणून दूर राहिले. वस्तुतः डोंगरातल्या माणसाला बँजो अधिक जवळचा होता. शिकवायला येणाऱ्याच्या मनात ‘यांचे चांगले काय ते मी ठरवीन’ हा भाव नकळत शिरतो. धर्मगुरू या नात्याने ही टीका वाचताना मला ती परकी वाटली नाही. गोव्यात १७३६ साली धर्मन्यायपीठाच्या फर्मानाने ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नात ओव्या गाण्यावर बंदी घातली होती. आपला इतिहास आपणच प्रांजळपणे आठवावा, हे बरे.

पुस्तक आले, काही गेले

जीन रिची १९४६ साली समाजकार्याची पदवी घेऊन न्यू यॉर्कला गेल्या. हेन्री स्ट्रीट येथील सेवाकेंद्रात त्या गरीब वस्तीतील मुलांबरोबर काम करू लागल्या आणि त्यांना आपल्या डोंगरातली गाणी व खेळ शिकवू लागल्या. सोबत डल्सिमर होतेच. लोक विचारू लागले, हे वाद्य कुठे मिळेल? तेव्हा जीन व त्यांचे पती, छायाचित्रकार जॉर्ज पिको यांनी जेथ्रो अँबर्गी यांच्याकडून वाद्ये मागवली. मागणी वाढल्यावर ब्रुकलिनमधील एका पुलाखालच्या कार्यशाळेत त्यांनी ती स्वतःच बनवायला घेतली. १९६३ साली जीनबाईंचे ‘द डल्सिमर बुक’ हे पुस्तक निघाले. वाद्याचा इतिहास, तारा लावण्याच्या पद्धती आणि सोपी गाणी असा त्याचा घाट होता. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्यालाही आता डल्सिमर शिकता येऊ लागले. १९७५ पासून डल्सिमरवादकांसाठी नियतकालिक निघू लागले. उन्हाळी शिबिरे भरू लागली. नोकरीतून निवृत्त झालेली, कधीही संगीत न शिकलेली माणसे तेथे येतात. पडद्यांचे आकडे वाचून चाल वाजवतात आणि आठवड्याअखेर एखादे गीत घेऊन घरी परततात.

या बदलात काही हरवलेही. नव्या वादकांच्या सोयीसाठी पडद्यांत सहाव्या व सातव्याच्या मध्ये एक जादा पडदा आला. त्यामुळे तारा पुन्हा न लावता अधिक चाली वाजवता येतात. पण त्याबरोबर तारा उतरवण्या-चढवण्याची आणि स्वरांचा बदलता रंग कानाने ओळखण्याची जुनी सवय मागे पडली. पुष्कळांनी कांडी व पीस सोडले आणि बोटांनी गिटारसारखे वाजवणे पत्करले. जुन्या वळणाच्या लोकांना याची खंत वाटते आणि ती अनाठायी नाही. परंतु स्वतः जीनबाईंनी दार लावून घेतले नाही. बापाच्या कपाटापुढे चोरपावलांनी उभी राहिलेली ती मुलगी त्यांच्यात अखेरपर्यंत जिवंत असावी. २००१ साली केंटकी राज्याने डल्सिमरला आपले अधिकृत वाद्य म्हणून मान दिला. १ जून २०१५ रोजी जीनबाई केंटकीतच निवर्तल्या.

२८ जुलै २०२२ रोजी पूर्व केंटकीत भयंकर पूर आला. ट्रबलसम ओढ्याचे पाणी हिंडमनच्या शाळेत शिरले आणि जुनी कागदपत्रे चिखलात गेली. परिसरातील कारागिरांची वाद्येही नष्ट झाली. संग्रहालयात ठेवलेल्या वस्तूही किती असुरक्षित असतात, हे त्या दिवशी दिसले. परंतु वाद्य कसे बनवायचे व कसे वाजवायचे, हे ज्यांच्या हातात भिनलेले होते, त्यांच्याकडून ते ज्ञान पाण्याला नेता आले नाही.

एक कबुली

हे सारे मी का लिहिले, तेही सांगतो. मी नवदीक्षित धर्मगुरू असताना एका गावात लग्नाच्या आदल्या सायंकाळी मांडवात गेलो होतो. चार-पाच वृद्ध स्त्रिया लग्नगीते म्हणण्यासाठी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्यातील एक मावशी म्हणाल्या, “फादर, तुमची हरकत नसेल तर दोन गाणी म्हणतो.” मी तरुण मुलांचा वाद्यवृंद सोबत आणला होता. “मावशी, आज वेळ कमी आहे, पुढच्या खेपेला पाहू,” असे मी म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या जेवणाच्या पंगतीकडे वळल्या. बऱ्याच वर्षांनी मी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्यांच्या दारी गेलो, तेव्हा त्या प्रभूच्या घरी गेल्या होत्या. त्यांच्या लेकीला एका गाण्याच्या पहिल्या दोन ओळी आठवत होत्या, त्याही चुकत-माकत.

गाणे बंद करायला फर्मानच लागते असे नाही. ‘आज वेळ नाही’ एवढे शब्द पुरतात.

आपल्या गावांतून घुमट व लग्नगीते अजून पुरती गेलेली नाहीत. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घोषणा झालेले वाद्य आणि नातवाच्या मांडीवर ठेवलेले वाद्य यांत फरक आहे. मूल ते बेसूर वाजवील, कदाचित फोडीलही. शब्द चुकवील, चालीत आपल्या मनाचे काही घालील. तरीही ते त्याच्या हाती द्यावे लागते.

वाचकहो, आपल्या घरात गाणारी आजी असेल, तर येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर तिच्याजवळ बसा. यंत्र नसले तरी चालेल. तिच्याकडून एकच गाणे शिकून घ्या आणि तिच्यासमोरच ते आपल्या मुलाला शिकवा.