पद्मिनीचे दीर्घायुष्य

आमच्या पिंपळगाव राजा या गावी माझ्या बालपणी मोटार आली म्हणजे ती बहुधा लग्नाचीच असावयाची, आणि तिला सारे गाव ‘फियाट’ म्हणे. शाळा सुटताच आम्ही मुले तिच्या चकचकीत पत्र्यात आपापली तोंडे पाहावयास धावत असू. त्या गाडीचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व मुंबईस कुर्ला येथे कारखाना काढला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘फियाट अकराशे डिलाइट’ आली. इटलीत अकराशेची मालिका १९६९ साली संपली. आपल्याकडे मात्र तिचे १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले. नाव पालटले, पण १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे एंजिन तेच राहिले.

योगायोग असा की, त्याच १९७४ साली स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीची ‘२४०’ ही कुटुंबाची गाडी निघाली. ती १९९३ पर्यंत चालली व २६ लाखांवर तयार झाली. दोघीही दीर्घायुषी, परंतु कारणे निराळी. व्होल्व्होच्या गिऱ्हाइकापुढे अनेक गाड्या असता त्याने ती पसंत केली. आपल्याकडे कोणी किती मोटारी काढाव्या हे सरकारी परवाना ठरवी, आणि गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली व पद्मिनीची सद्दी सरू लागली.

मग हे आयुष्य केवळ सक्तीचेच म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची रचना इतकी साधी की, तालुक्याचा मिस्त्रीदेखील झाडाखाली एंजिन उघडून ती रस्त्यास लावी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तर कारखान्यातील निर्मिती थांबल्यावरही ती वर्षानुवर्षे चालविली. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचा धंदा बंद झाला.

तात्पर्य, पद्मिनी बदलली नाही याचे कारण स्पर्धेचा अभाव. ती टिकली याचे श्रेय मात्र मिस्त्री व चालक यांच्या हातांना आहे. इतिहास लिहिताना पहिली गोष्ट झाकू नये, आणि दुसरी विसरू नये.